उघडलेली मूठ

घरगुती फिल्मचा एक अलिखित नियम आहे. कॅमेरा आपल्याकडे वळला की हसायचं, हात हलवायचा, कडेवरच्या पोराचं तोंड कॅमेऱ्याकडे फिरवायचं. कॅमिल बिलॉप्स आणि जेम्स हॅच यांच्या 'सुझॅन, सुझॅन' (१९८२) या लघुपटात अशा जुन्या घरगुती रिळांचे आणि फोटोंचे तुकडे पेरलेले आहेत. कॅलिफोर्नियातलं एक कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय कुटुंब. ठाकठीक कपडे, जमलेले नातेवाईक, प्रसन्न चेहरे. पहिल्यांदा पाहताना माझी नजर त्यावरून सहज घसरली. दुसऱ्याचा अल्बम हातात आला की शिष्टाचारापुरतं जेवढं पाहावं, तेवढंच पाहिलं. दुसऱ्यांदा तेच तुकडे बघवेनात. दरम्यान कळलेलं होतं की या घरातला बाप मुलीला मारत असे. एक चौकटही बदललेली नव्हती, तरी मी प्रत्येक चेहऱ्यात काहीतरी हुडकू लागलो. हलतोय तो हात तोच का? हिचं हसू जरा जास्तच वेळ टिकलंय का? बिलॉप्स या रिळांवर शेरा मारत नाहीत, बोट ठेवून 'हे बघा' म्हणत नाहीत. अल्बमच्या शेजारी फक्त एक आवाज आणून ठेवतात. बाकीचं काम आपली नजर करते, आणि आपल्याच नजरेला असं कामाला लावलं गेलंय हे उमगतं तेव्हा दाद द्यावीशी वाटते.

कशाच्या शेजारी काय ठेवायचं हे कळणं हा मुळात शिल्पकाराचा गुण. बिलॉप्स (१९३३–२०१९) आधी शिल्पकार आणि मुद्राचित्रकार. चित्रपटाकडे त्या वळल्या तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. पती जेम्स हॅच (१९२८–२०२०) गोरे, आणि कृष्णवर्णीय अमेरिकन रंगभूमीचे नामांकित इतिहासकार. न्यूयॉर्कच्या सोहो भागातल्या आपल्या लॉफ्टमध्ये या दोघांनी कृष्णवर्णीय कलावंतांच्या मुलाखती, छायाचित्रं, पुस्तकं, नाटकांच्या संहिता यांचा प्रचंड संग्रह उभा केला. १९७५मध्ये त्याला हॅच-बिलॉप्स कलेक्शन असं रीतसर रूप आलं. आज त्यातला मोठा भाग अटलांटाच्या एमरी विद्यापीठात आहे. चित्रपटांसाठी जी संस्था काढली तिचं नाव 'मॉम अँड पॉप प्रॉडक्शन्स', म्हणजे आपल्याकडच्या नवरा-बायकोने गल्ल्यावर आळीपाळीने बसायच्या दुकानासारखं. कॅमेरा बऱ्याचदा हॅच यांचा मुलगा डिऑन याच्याकडे असे. कुटुंबावरचे चित्रपट कुटुंबानेच केलेले. मला यातलं आवडतं ते असं, की आयुष्यभर दुसऱ्यांच्या आठवणी जपून ठेवणाऱ्या या जोडप्याने स्वतःच्या घरालाही संग्रहातल्या कागदांचाच न्याय लावला. धूळ झटकली, पण डाग पुसले नाहीत.

सुझॅन ही कॅमिलची भाची, थोरल्या बहिणीची, बिलीची, मुलगी. म्हणजे हा चित्रपट मावशीने काढलेला आहे. 'माय मरो पण मावशी जगो' ही आपली म्हण इथे वेगळ्याच अर्थाने आठवते. आईला जे विचारता येत नाही ते मावशीला विचारता येतं, आणि आई जे ऐकू शकत नाही ते मावशीच्या कॅमेऱ्यापुढे तिला ऐकावं लागतं. सुरुवातीला विषय ठरला होता सुझॅनच्या व्यसनाचा. ती नशेच्या आहारी गेली होती आणि त्यातून बाहेर पडण्याची तिची धडपड चालली होती. मुलाखती घेता घेता व्यसनाखालचा थर उघडा पडला. बापाची मारहाण. एखाद्या सफाईदार दिग्दर्शकाने संकलनाच्या टेबलावर पहिला विषय कापून टाकला असता आणि आपल्याला हे आधीपासूनच ठाऊक होतं असा आव आणला असता. इथे विषय आपल्या डोळ्यांदेखत कूस बदलतो, आणि बदलताना झालेला खडखडाटही ऐकू येतो. हातातल्या मातीने भलताच आकार घेतला की कुंभार क्षणभर चाक थांबवून बघतो, तसं हे थांबणं आहे. सव्वीस मिनिटांच्या चित्रपटात एवढी सवड काढायला छाती लागते.

चित्रपट कृष्णधवल आहे, आणि त्यातल्या प्रकाशाकडे नीट पाहायला हवं. गोऱ्या कातडीच्या मापाने बनलेल्या फिल्मवर आणि प्रकाशयोजनेत गडद चेहरे अनेक दशकं चिखलासारखे सपाट येत. सावलीत गेले की डोळे आणि दात तेवढे उरत. इथे सुझॅनच्या चेहऱ्यावर उजेड असा पडतो की कपाळ, गालाचं हाड, ओठांची कड असा एकेक उतार वेगळा दिसतो. तोंड बोलत असताना गालाचा एखादा स्नायू त्याच्याशी सहमत नसतो, हेही दिसतं. ती कॅमेऱ्याला सामोरी बसून बोलते. आवाज जवळजवळ कोरडा. कणव मागणारा सूर कुठेही लागत नाही. वर्षानुवर्षं डोक्यात घोळवून गुळगुळीत झालेली वाक्यं ती एकेक करून काढून ठेवते, आणि कॅमेरा मुकाट ती मांडू देतो. मातीचे चेहरे घडवलेल्या बाईलाच हाडामांसाचा चेहरा इतका वेळ नुसता पाहत राहणं जमावं.

आई बिली येते ती मात्र आरशातून. ती देखणी आहे आणि आपण देखण्या आहोत हे तिला माहीत आहे. नटता नटता ती बोलते. वरवर पाहिलं तर ही सोय वाटेल. बोलणाऱ्या माणसाच्या हाताला काही चाळा दिला की तो मोकळा होतो, हे मुलाखत घेणारा कुणीही जाणतो. पण मुलगी उघड्या चेहऱ्याने बसलेली आणि आई चेहऱ्यावर रंगाचा थर चढवताना, ही दोन दृश्यं मनात एकमेकांना भिडली की नटणं हा या घराचा इतिहासच होऊन बसतो. बाहेर पडण्यापूर्वी नीट दिसलं पाहिजे. काल रात्री काय झालं ते ओठांच्या रंगाखाली गेलं पाहिजे. इथे बिलॉप्सनी आईला ढोंगी ठरवलेलं नाही, ही फार बारीक गोष्ट आहे. नटण्यात तिचा आनंदही दिसू दिलाय. आरशातल्या बाईविषयी राग आणि माया एकाच वेळी वाटावी इतकं ते दृश्य तोललेलं आहे.

आणि बाप? तो हयात नाही. फोटोंतून आणि रिळांतून तो येतो, पण त्याला बोलता येत नाही. मेलेल्या माणसावर आरोप ठेवणाऱ्या चित्रपटाची ही अडचणही असते आणि जबाबदारीही. बिलॉप्सना मृतांच्या छायाचित्रांची जाण होती. हार्लेमचे ज्येष्ठ छायाचित्रकार जेम्स व्हॅन डर झी यांनी टिपलेल्या, शवपेटीतल्या माणसांच्या छायाचित्रांचं 'द हार्लेम बुक ऑफ द डेड' हे पुस्तक १९७८मध्ये त्यांनीच व्हॅन डर झी आणि कवी ओवेन डॉडसन यांच्यासह सिद्ध केलं. प्रस्तावना टोनी मॉरिसन यांची. त्यातल्याच एका तरुणीच्या छायाचित्रातून मॉरिसन यांना पुढे 'जॅझ' ही कादंबरी सुचली. मृताला नीट सजवून, फुलांत ठेवून त्याचं चित्र काढायचं, ही त्या समाजाच्या शोकाची एक रीत. बिलॉप्सनी भावजींनाही त्या रीतीतून वगळलेलं नाही. त्यांची चित्रं त्या आदबीनेच दाखवतात. सुझॅनला या बापाचं प्रेम हवं होतं, आजही कुठेतरी हवं आहे, हे लपत नाही. मारणारा माणूस राक्षस असता तर सुटका सोपी होती. तो बाप होता, हे चित्रपट एकदाही विसरत नाही, आणि म्हणून त्याची हिंसा अधिक बोचते.

आता त्या दृश्याकडे येतो ज्यासाठी हा लघुपट मी पुन्हा पुन्हा पाहतो. काळोख. मागे भिंत नाही, खिडकी नाही, घराची एकही खूण नाही. त्या काळोखात दोन चेहरे. मुलगी पुढे, आई तिच्या मागे. दोघी एकमेकींकडे पाहत नाहीत. सुझॅन प्रश्न विचारते आणि बिली तिच्या पाठीमागून उत्तर देते. समोरासमोर बसवलं असतं तर ते नेहमीचं भांडण झालं असतं. नजरेला नजर भिडली की घरची माणसं ठरलेल्या भूमिकेत जातात: आई आई होते, लेक लेक होते, आणि कुणीतरी चहा टाकायला उठतं. इथे नजरेचा दोरच कापलेला आहे. पाठमोऱ्या माणसाशी खरं बोलता येतं. रांगोळी घालताना, भाजी निवडताना, केस विंचरून देताना आयाबाया जे बोलून जातात ते समोर बसवून विचारलं तर बोलणार नाहीत. बिलॉप्स आणि हॅच यांनी नेमका तो कोन उचलला आणि त्याभोवतीचं सगळं घर काढून टाकलं.

प्रश्न आधी लिहून दिलेले होते. सुझॅन त्या कागदावरून निसटते, आणि ती निसटलेली जागा कानाला कळते. तोवर सवाल-जवाब एका ठेक्यात चाललेले असतात, मग ठेका चुकतो. मार खाण्याआधी बापाची वाट पाहत बसावं लागे, त्या वेळेला ती फाशीच्या कोठडीची उपमा देते. मारापेक्षा आधीची ती वाट. आईला त्याची कल्पना होती का, हे ती विचारू पाहते. आणि मागचा चेहरा, इतका वेळ राखलेला, आरशापुढे इतक्या निगुतीने रंगवलेला, फुटतो. बिली सांगू लागते की मार तिनेही खाल्ला आहे. ती वाट तिनेही पाहिली आहे. एकाच छपराखाली दोन कोठड्या होत्या आणि मधल्या भिंतीने दोघींना एकमेकींचा आवाज ऐकू दिला नव्हता. आखलेली रचना मोडते, पुढची आणि मागची एकमेकींना धरतात, आणि कॅमेरा जवळ जाण्याची घाई करत नाही. कुठलाही हौशी कॅमेरावाला अश्रू दिसताच पुढे सरसावला असता. हा जागचा हलत नाही. दोन देहांचं शिल्प त्याच्यापुढे आपोआप घडत असतं आणि घडवणारीने हात मागे घेतलेले असतात. रचना इतकी घट्ट बांधायची की ती मोडल्याशिवाय सत्य बाहेर पडू नये, आणि मोडली की अडवायची नाही. हे मी दुसऱ्या कुठल्याच कौटुंबिक चित्रपटात इतकं चोख झालेलं पाहिलेलं नाही.

हे सगळं कुठल्या हवेत चाललं होतं, ते माहीत असलं की या दृश्याचं वजन वाढतं. १९६५मध्ये अमेरिकेच्या श्रम खात्यातले अधिकारी डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबावर एक अहवाल लिहिला. त्या समाजाच्या दैन्याचं मोठं कारण त्याच्या मोडक्या कुटुंबरचनेत आणि बायकांच्या हाती गेलेल्या घरात आहे, असा त्याचा रोख. त्यानंतर कृष्णवर्णीय घराचं कुठलंही चित्र साक्षीपुराव्यासारखं वाचलं जाऊ लागलं. मग शहाणपण काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. बाहेरचे आधीच बोटं दाखवत असताना आपलाच माणूस आपल्या लेकीला मारतो हे आपणच का सांगा? हा सवाल मराठी वाचकाला नवा नाही. काळ्या पँथरांचं नाव घेऊन १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि पुढे दलित आत्मकथनं येऊ लागली तेव्हा १९७८च्या 'बलुतं'पासून आपल्याच लोकांनी हा आक्षेप घेतला होता: आपली लक्तरं वेशीवर कशाला टांगता? बिलॉप्सनी त्याला वाद घालून उत्तर दिलं नाही. त्यांच्या चित्रपटात निवेदकाचं भाषण नाही, आकडेवारी नाही, 'हे आमच्यातच घडतं असं समजू नका' अशी विनवणीही नाही. हे घर दरिद्री नाही आणि बापाविना वाढलेलंही नाही. मॉयनिहनना हवी होती तशी सगळी मांडामांड आहे: बाप आहे, आई आहे, चांगले कपडे आहेत. मार त्या मांडामांडीतच बसतो. एका अख्ख्या अहवालाचा खुळखुळा करून टाकणारी ही चाल त्यांनी कुठेही अधोरेखित केलेली नाही, इतकी की मला ती तिसऱ्या वेळी दिसली.

बहिणीच्या घरची मूठ उघडणं एक वेळ सोपं म्हणा. नऊ वर्षांनी बिलॉप्सनी स्वतःची उघडली. 'फाइंडिंग क्रिस्टा' (१९९१) पंचावन्न मिनिटांचा आहे, त्याला लघुपट म्हणावं की नाही यावर हवं तर भांडू. कुमारी माता असताना कॅमिलने आपली चार वर्षांची मुलगी क्रिस्टा १९६०च्या दशकाच्या आरंभी दत्तक देण्यासाठी संस्थेत सोडली. ऑकलंडच्या एका गायिकेच्या घरी ती वाढली, स्वतःही गाऊ लागली, आणि सुमारे वीस वर्षांनी तिने जन्मदात्या आईला ध्वनिफीत धाडली. आधी आवाज आला, चेहरा मागून. चित्रपटही ही गोष्ट विसरत नाही. मुलीच्या आवाजातला प्रश्न आपल्याला फार लवकर ऐकू येतो: मला का सोडलंस? आणि इथे बिलॉप्स जे करतात ते मला अजून पचायचं आहे. त्या माफी मागत नाहीत. आई होणं मला नको होतं, मला माझं आयुष्य हवं होतं, असं साधारण त्यांचं म्हणणं. आपल्याला ठेवता आली असती मुलगी, असं म्हणणारे नातेवाईकही त्या चित्रपटात बसवतात. स्वतःविरुद्धच्या साक्षीदारांना स्वतःच्या खर्चाने बोलावून चांगल्या उजेडात बसवणारी ही बाई! 'सुझॅन'मध्ये जो प्रकाश भाचीच्या चेहऱ्यावर होता तो आता मावशीच्या चेहऱ्यावर आहे, आणि तिने त्यातून मान बाजूला घेतलेली नाही. यातले नाटकी, मुद्दाम रचलेले प्रसंग मला थोडे लांबलेले वाटतात. खट्याळपणाच्या भरात कधी कधी जखमेवरून नजर उडते. तरी त्या काळात आत्मकथनपर माहितीपटात असा विदूषकी सूर लावण्याची हिंमत फार थोड्यांकडे होती. १९९२च्या सनडान्स महोत्सवात माहितीपटांचं सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला मिळालं, स्टीफन हॉकिंगवरच्या 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम'बरोबर विभागून. विश्वाची उत्पत्ती आणि एका मुलीची उत्पत्ती एकाच मंचावर.

थोडं आडवाटेला जाऊन एका चिमुकल्या फिल्मचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. कॉलीन स्मिथ हिने विद्यार्थिदशेत केलेली 'क्रॉनिकल्स ऑफ अ लाइंग स्पिरिट (बाय केली गॅब्रॉन)', १९९२ची, सहा-सात मिनिटांची. बिलॉप्स खरं सांगतात, तर ही नावातच खोटेपणा कबूल करते. फोटो, कात्रणं, हाताने लिहिलेले शब्द यांच्या गोधडीतून केली गॅब्रॉन नावाच्या बनावट बाईचं चरित्र पळत जातं. वर दोन आवाज एकमेकांवर चढलेले: एक अधिकारवाणीचा पुरुषी, दुसरा त्या बाईचा. पहिल्यांदा पुरुषी आवाज तिला झाकून टाकतो. मग तीच फिल्म पुन्हा पहिल्यापासून दिसते, आणि या खेपेला बाईचा आवाज वर येतो. बस्स, युक्ती एवढीच. गुलामांच्या बाजारात ज्यांची नावं मालकांनी बदलली, ज्यांच्या वंशावळी हिशेबाच्या वहीत गुरांच्या शेजारी लिहिल्या गेल्या, त्यांच्या वारसांनी गाळलेल्या जागा कल्पनेने भरल्या तर त्याला खोटं म्हणायचं का, हा प्रश्न ती आवाजाची पट्टी वरखाली करून विचारते. ध्वनिमिश्रणाच्या एका बटणात एवढा इतिहास मावतो, हे मला तिने शिकवलं.

अमेरिकेच्या काँग्रेसचं ग्रंथालय दरवर्षी जतनासाठी पंचवीस चित्रपटांची नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत नोंद करतं. २०१६च्या यादीत 'द लायन किंग' आहे, 'थेल्मा अँड लुईस' आहे, आणि ओक्लाहोमाचे एक बाप्टिस्ट पाद्री सॉलोमन सर जोन्स यांनी १९२४ ते १९२८ या काळात मूक कॅमेऱ्याने टिपलेली रिळंही आहेत: चर्चमधून बाहेर पडणारे, दुकानापुढे उभे राहिलेले, धडधाकट, स्वाभिमानी कृष्णवर्णीय लोक. त्याच यादीत 'सुझॅन, सुझॅन' आहे. जमलं तर आधी पाद्रीबाबांची रिळं पाहा, त्या माणसांचं कॅमेऱ्यापुढे ताठ उभं राहणं डोळ्यांत साठवा, आणि मग सुझॅनकडे या. काळोखातल्या दृश्यात पहिल्या वेळी तुमची नजर पुढच्या चेहऱ्यावर राहील, ते स्वाभाविक आहे. दुसऱ्या वेळी मात्र सुरुवातीपासून मागच्या चेहऱ्याकडे बघा. बिली बोलण्याच्या बरंच आधी उत्तर देऊ लागलेली असते.